मागून बसलेली गाडी

पाच चाळीसला संपतराव उठले. गजर त्यांनी आयुष्यात कधी लावला नव्हता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीन पाळ्यांमध्ये चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला झोप आणि जाग दोन्ही हुकमी असतात, आणि निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांतही त्यांच्या शरीराने ती शिस्त सोडली नव्हती. त्यांनी अंथरुणाची घडी घातली, चूळ भरली, मागच्या दारी जाऊन बोअरची मोटर चालू केली आणि टाकी भरायला लागणारी अकरा मिनिटे नेहमीप्रमाणे अंगणात उभे राहून घालवली. फेब्रुवारीतली थंडी अजून पुरती गेली नव्हती. गाळप चालू होते. पाटसच्या हवेत मळीचा आंबूस-गोड, किंचित जळका वास होता. बाहेरगावचा माणूस त्याने नाक मुरडतो, संपतरावांना मात्र हंगाम संपला की काहीतरी हरवल्यासारखे होई. मोटर बंद करून ते आत आले तेव्हा सहाला दोन मिनिटे कमी होती. सिंधूबाईंनी चहा गाळून ठेवला होता. त्यांच्या कपात दीड चमचा साखर, स्वतःच्या कपात अजिबात नाही. दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला, कारण खुर्चीवर बॅग होती.

एरवी सिंधूबाई पंधरा दिवसांतून एकदा न्हावऱ्याला आईकडे जात आणि दोन रात्री राहून येत, तेव्हा खांद्याला अडकवायची कापडी पिशवी पुरे. आज मुलाकडे नाशिकला जातानाची मोठी, चाकांची बॅग भरलेली होती. कस्तुराबाई, म्हणजे सिंधूबाईंची आई, मागच्या आठवड्यात हौदापाशी घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले. शिरूरला ऑपरेशन झाले आणि आता त्यांना घरी आणले होते. भाऊ-भावजय दोघेही पूर्वीच गेलेली. घरात एक रविराज, सिंधूबाईंचा भाचा, अजून बिनलग्नाचा. म्हाताऱ्या बाईचे सगळे अंथरुणात करायचे होते आणि ते त्याच्याने होण्यासारखे नव्हते.

"किती दिवस लागतील?" संपतरावांनी विचारले.

"आई चालस्तोवर." सिंधूबाई बॅगेची चेन ओढत म्हणाल्या. "डाक्टर तीन म्हैनं म्हनले. चार बी लागतील."

"मग आज मी सोडतो. गाडीनं तासाभरात पोचू."

"नगं. एस्टी हाय की."

त्यात राग नव्हता, लोभही नव्हता. आठ वर्षे हे उत्तर एकाच आवाजात येत होते, आणि त्या आवाजात काय आहे ते ओळखण्याचा संपतरावांनी इतक्या वेळा प्रयत्न केला होता की आता तो आवाज त्यांना नीट ऐकूही येत नसे. ते बॅग घेऊन बाहेर गेले आणि ती त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. घरापासून हायवेच्या फाट्यापर्यंत एक किलोमीटर. तेवढे अंतर सिंधूबाई चालत जात आणि त्यांचे सामान गाडीतून जाई. पहिल्या वेळी हे कसे ठरले ते दोघांनाही आता सांगता आले नसते. कदाचित ते हट्टाने गाडी काढून निघाले असतील, आणि त्यांचा अगदीच अपमान नको म्हणून तिने पिशवी तेवढी आत टाकली असेल. पुढे तो रिवाज झाला. गाडी पहिल्या गियरमध्ये, तिच्या चालण्याच्या वेगाने, रस्त्याच्या डाव्या कडेला. ती उजव्या कडेला, पदर डोक्यावरून घेऊन, समोर बघत. उसाचे ट्रॅक्टर दोघांच्या मधून जात. फाट्यावर पोहोचले की ते उतरून पिशवी देत, ती घेई आणि म्हणे, "जेवा वेळच्या वेळी."

आज ग्रामपंचायतीसमोरच्या नव्या स्पीडब्रेकरवर गाडी घासली. फार मोठा आवाज नव्हता. लोखंड डांबरावरून ओढले जाते तसा एक लांब, कण्हल्यासारखा आवाज. पण तो पायाखालून वर आला आणि संपतरावांच्या तळव्यांना कळला. रस्त्यापलीकडे सिंधूबाई क्षणभर थांबल्या. त्यांनी गाडीकडे पाहिले, संपतरावांकडे नाही, आणि पुन्हा चालू लागल्या. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतून हौसराव हे सगळे बघत होता. तो एके काळी कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर क्लार्क होता आणि त्याच्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हते.

"केमिस्टसायेब, बॅगेला गाडी आन् वैनी पायी," तो म्हणाला. "आमच्यात असं केलं तर दुसऱ्या दिशी माझीच बॅग भायेर पडंल."

"तुझी बॅग आहे का, हौसराव?"

"न्हाई, म्हणून तर धकतंय." तो हसला, मग वाकून गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत म्हणाला, "पर मागनं लय बसलीया. निस्ती बॅग होती तरी घासली. माणूस बसल्यावं काय व्हईल?"

एस्टी आली. चौफुल्याला उतरून शिरूरची गाडी धरायची होती. बॅग जड होती, म्हणून कंडक्टरने ती वर घेतली. "जेवा वेळच्या वेळी," सिंधूबाई म्हणाल्या, आणि या वेळी तीन-चार महिन्यांच्या जेवणांना ते वाक्य पुरायचे होते.

दौंडच्या रस्त्याला लागल्यावर संपतरावांच्या लक्षात आले की आपण घरी न वळता सरळ आलो आहोत. मात्र त्यात अविचार नव्हता. नव्या स्प्रिंगांचे चार नग पुण्याहून मागवून त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच दौंडला गोकुळच्या गॅरेजात ठेवले होते. गाडी एकोणीसशे नव्याण्णवची, त्यांनी दोन हजार आठला जुनीच घेतलेली. असल्या गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना झाला होता आणि स्प्रिंगा शोधायला तीन महिने गेले होते. गाडी उंच झाली पाहिजे, एवढे त्यांना स्पष्ट होते. सिंधूबाईंचे गुडघे दुखत. बसक्या गाडीतून उठताना बाईमाणसाला त्रास होतो, तो कोणाला सांगता येत नाही, म्हणून एस्टी. हे कारण त्यांनी मुलाला फोनवर सांगितले होते, हौसरावला सांगितले होते, गोकुळलाही सांगितले होते. चारचौघांत सांगण्यासारखे कारण होते ते. दुसरे एक कारण होते, ते त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते आणि त्यावर त्यांचा खरा विश्वास होता.

दोन हजार पंधराच्या जानेवारीत सिंधूबाईंचे वडील, आप्पा, वारले. निरोप सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेत आला. सिंधूबाई आदल्या दिवसापासूनच न्हावऱ्याला होत्या. हंगाम भरात होता, पुढच्या पाळीचा केमिस्ट आला नव्हता, आणि रसाचे नमुने दर तासाला येत होते. संपतरावांनी वरिष्ठांना सांगितले असते तर कोणीतरी उभे राहिले असते. हे त्यांना तेव्हाही माहीत होते. तरी त्यांनी विचारले नाही. गाळलेला रस साखर मोजायच्या नळीत भरायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. त्या दिवशीचे त्यांचे आकडे अतिशय अचूक होते. साडेपाचला ते न्हावऱ्याला पोहोचले तेव्हा लोक नदीवरून परत आले होते. चारपर्यंत जावयाची वाट पाहिली, असे कोणीतरी म्हणाले. सिंधूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "पोरगं कुठंय?" एवढेच. त्या प्रश्नात दुसरे काही नव्हते, आणि संपतराव गेली दहा वर्षे त्यात दुसरे काही शोधत होते. मग वर्ष-दीड वर्षाने सिंधूबाईंची पाठ धरली, पुण्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, आणि त्या संपल्यावर त्यांनी गाडीत बसणे सोडले. संपतरावांच्या मनाने या दोन गोष्टींमध्ये केव्हाच एक रेघ ओढून टाकली होती. ज्या गाडीने तुम्ही वेळेवर आला नाहीत त्या गाडीत मी बसणार नाही: असे वाक्य सिंधूबाई कधी बोलल्या नव्हत्या, पण संपतरावांना ते पाठ होते. त्या शिक्षेत त्यांना एक प्रकारची न्याय्यता वाटे. कधीकधी, मान्य करायला लाज वाटली तरी, थोडे समाधानही वाटे. निदान आपला गुन्हा कोणता ते आपल्याला माहीत आहे याचे.

गोकुळचे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड आणि समोर तेलाने काळी झालेली मोकळी जागा. गोकुळ पस्तिशीचा, कमी बोलणारा आणि हाताचा स्वच्छ माणूस. त्याने गाडी सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून खाली लोखंडी घोड्या दिल्या आणि डावे चाक काढले. चाकाच्या मागे मातीचा एक गोळा दिसत होता. त्याने पेचकसाने माती खरवडली. ढेकळे गळून पडली आणि आतली स्प्रिंग दिसू लागली. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"सायेब, ह्ये कुणी घातलंय?"

संपतराव वाकले. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये काळ्या रबराचे जाड तुकडे ठोकून बसवलेले होते, एकावर एक, तारेने बांधलेले. तार गंजून रबरात रुतली होती. गोकुळने एका तुकड्यावर पान्याची मूठ मारली. दगडावर मारल्यासारखा आवाज आला.

"आधीच्या मालकानं असेल," संपतराव म्हणाले.

हे खोटे त्यांच्या तोंडून इतके सहज निघाले की तेच दचकले. दोन हजार तेराचा हंगाम त्यांना स्वच्छ आठवत होता. न्हावऱ्याहून कांद्याच्या गोण्या आणून आणून गाडी मागून बसली होती. कारखान्याच्या वर्कशॉपातला फिटर ज्ञानू म्हणाला होता, "स्प्रिंग कशाला बदलता, सायेब? बगॅसचा पट्टा हाय की." भुसा वाहून नेणारा रबरी पट्टा, आत कापडाचे थर असलेला, झिजला की भंगारात निघे. त्याचे तुकडे कापून, चाक काढून, वेढ्यांत ठोकायचे. पण ज्ञानूने हे आधी कधी केले नव्हते; कल्पना त्याची, हिशेब संपतरावांचा. किती जाडीचे, किती तुकडे, कोणत्या वेढ्यात, हे त्यांनी कागदावर मांडले आणि आधी व नंतर जमिनीपासूनची उंची मोजली. अडतीस मिलिमीटर वाढली होती. हे सगळे घरासमोर, अंगणात झाले होते. सिंधूबाईंनी ज्ञानूला चहा दिला होता. त्या वर्षी कारखान्यातल्या आणखी पाच गाड्यांना तो पट्टा लागला आणि लोक संपतरावांचे नाव घेत. त्यांनी उंची मोजली होती. मोकळ्या गाडीची, बाहेर उभे राहून.

"रबर वाळून लाकूड झालंय," गोकुळ सांगत होता. "स्प्रिंग दबायला जागाच न्हाई. आन् ह्ये बघा." त्याने खालच्या वेढ्यावर बोट ठेवले. वेढा तुटलेला होता आणि त्याचे टोक रबरात घुसून अडकले होते. "ह्या तुकड्यांनी धरून ठिवली म्हणून पडली न्हाई. पट्टा नसता तर तवाच कळलं असतं."

संपतरावांनी चष्मा पुसून तुटलेले तोंड पाहिले. पोलाद ताजे तुटले तर आत करडे, बारीक रव्यासारखे चमकते. इथे चमक नव्हती. तपकिरी गंज, त्यावर काळा गंज, त्यावर पुन्हा खपली. कितीतरी पावसाळ्यांचे थर त्यांना तिथे वाचता येत होते आणि ते वाचायला त्यांना कोणाची मदत लागत नव्हती. "आठ-नऊ वर्षं," ते म्हणाले. गोकुळने मान हलवली. "त्या बाजूला बसणाऱ्या माणसाला इचारा," तो म्हणाला, आणि स्प्रिंग दाबायचा शिकंजा आणायला आत गेला.

त्या बाजूला कोण बसत असे? आबा, म्हणजे संपतरावांचे वडील, असेपर्यंत पुढची सीट त्यांची. सून मागे, डावीकडे, मुलाला शेजारी घेऊन. आबा गेले, मुलगा मोठा होऊन नाशिकला गेला, पण पुढच्या सीटवर संपतरावांची बॅग आणि डबा येऊन बसला होता आणि सिंधूबाई मागेच राहिल्या. 'पुढे ये' असे त्यांनी म्हटले नाही. म्हणायचे असते हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मग दोन हजार सोळा. पाठीचा मणका सरकलेला, पुण्याला वजने लावून पाठ ताणायची, आठवड्यातून एकदा, अकरा आठवडे. मागच्या सीटवर उशी ठेवून त्या आडव्या होत. सकाळी जाताना बऱ्या असत आणि संध्याकाळी घरी उतरताना त्यांना धरावे लागे. उपचाराने त्रास होतो, डॉक्टर म्हणाले होते, आणि संपतरावांनी ते मानले होते, कारण डॉक्टरांचे म्हणणे तर्काला धरून होते. गाडी चालवता चालवता ते म्हणत, "आलंच आता हडपसर." अकराव्या फेरीनंतर दारात उतरून, एक हात गाडीच्या टपावर ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "एकदा मागं बसून बघा." त्या वेळी संपतरावांच्या मनात ओसरीचा तो खांब होता, नदीवरून परतणारी माणसे होती. त्यांना वाटले, ती म्हणते आहे की माझ्या जागी येऊन बघा. त्या वाक्याचा एवढा खोल अर्थ त्यांनी लावला होता की साधा अर्थ उरलाच नव्हता.

गोकुळ शिकंजा घेऊन आला. पहिला तुकडा उपसून काढायला त्याने पहार लावली.

"थांब, गोकुळ," संपतराव म्हणाले. "चाक परत लाव."

"आं?"

"चाक लाव. तू गाडी चालव, मी मागं बसतो. पाटसच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर जाऊन येऊ."

"सायेब, तुटकी हाय ती."

"सकाळी मी तशीच आणली. आठ वर्षं तशीच चालवली." मग ते म्हणाले, "आणि आधीच्या मालकानं नाही घातलं ते. मी घातलं."

गोकुळने त्यांच्याकडे पाहिले. चाक लावले, हात पुसले आणि पुढच्या सीटवर जुने फडके टाकून तो बसला. संपतराव मागे, डावीकडे बसले. सतरा वर्षे ही गाडी त्यांची होती आणि मागच्या सीटवर ते आजवर बसलेच नव्हते. इथून गाडी ओळखीची वाटत नव्हती. समोरचा रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे काय येणार ते कळत नव्हते. खिडकीतून उसाचे शेंडे आणि विजेच्या तारा तेवढ्या जात होत्या. पहिला खड्डा आला तो कमरेत नव्हे, आधी दातांत लागला. मग कमरेत. पुढे बसून हाच खड्डा त्यांनी सकाळी पार केला होता आणि तो त्यांना आठवतही नव्हता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि गुडघे दुमडून सीटवर आडवे झाले. आता मणक्याचा एकेक मणी वेगळा मोजता येत होता. रस्त्यावरची खडी, डांबराचा जोड, उसाच्या गाडीतून पडलेले टिपरे, काहीही वाया जात नव्हते. सगळे जसेच्या तसे आत येत होते. बैलगाडीत माणूस निदान उठून बसतो, खाली उतरतो. एका मोठ्या आदळ्याला त्यांचा हात आपोआप वर गेला आणि ड्रायव्हरच्या सीटची पाठ त्याने घट्ट धरली. बोटे फाटलेल्या रेक्झिनमधून आतल्या काथ्यात गेली. ती फाट त्यांना माहीत होती. भाचे कंपनीने खेळताना फाडली असेल असे धरून ते दोन वेळा रागावलेही होते. चार बोटांची जागा होती, आणि त्यांची बोटे जाड असल्यामुळे ती नीट मावत नव्हती.

साठ किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे वीस, गुणिले अकरा. मनाने सवयीने आकडा मांडायला घेतला आणि संपतरावांनी तो अर्ध्यात सोडून दिला. त्यांना खूप काही वाटेल असे त्यांना वाटले होते. पण वाटण्याला सवडच नव्हती. पुढच्या धक्क्याची वाट बघण्यात माणूस पुरा खर्ची पडत होता. राग धरावा, कोणाला शिक्षा करावी, जुने काही मनात घोळवावे, एवढी फुरसत या सीटवर कोणाला मिळाली नसती.

"वळवू का, सायेब?" गोकुळने आरशातून विचारले.

"अजून थोडं."

परत आल्यावर ते शेडच्या बाकावर बसले. गोकुळने तुकडे उपसले, शॉकअप काढले, जुन्या स्प्रिंगा शिकंज्यात दाबून सोडवल्या आणि नव्या बसवल्या. मागच्या दोन्ही झाल्यावर पुढच्या दोन्ही. दुपारचे अडीच वाजले. चारही चाके जमिनीवर टेकली तेव्हा गाडी एखादी बाई पदर सावरून उभी राहावी तशी उभी राहिली. गोकुळने टेप पुढे केला. दर वेळी साहेब मोजतात, हे त्याला ठाऊक होते. संपतरावांनी तो घेतला नाही. त्यांनी मागची सीट हाताने दाबली. गाडी खाली गेली, सावकाश वर आली. त्यांनी पुन्हा दाबली.

चौफुल्याहून केडगाव, पारगाव, मग भीमेचा पूल. नदीत पाणी होते. पुलाच्या जोडांवर गाडी नुसती हलकेच उचलत होती आणि पुढे बसलेल्या संपतरावांना मागे काय होत असेल याचा अंदाज पहिल्यांदाच घ्यावासा वाटत होता. न्हावऱ्याला पोहोचले तेव्हा साडेचार झाले होते. रविराज कांद्याला पाणी धरायला गेला होता. सिंधूबाई मोरीपाशी आईचे लुगडे पिळत होत्या. त्यांनी वर पाहिले.

"का वो? सकाळीच तर आले मी."

"गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या."

"मग?"

संपतरावांनी वाटेत तयार केलेली वाक्ये बरीच होती. त्यातले एकही आठवेना. "तो पट्टा," ते म्हणाले, "ज्ञानूनं आणि मी घातलेला. त्यानं स्प्रिंग धरून ठेवली होती. तुटलीही होती, तुझ्याच बाजूची. आज मागं बसून बघितलं."

सिंधूबाईंनी लुगडे झटकून दोरीवर टाकले, कडा सरळ केल्या. "माझ्यासमूरच घातलं की तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला म्हाईतच हाय मागं काय लागतंय ते. उंच व्हायला पायजे म्हनून चाललंय."

"मला माहीत नव्हतं."

"मग एकदा सांगितलं की मी."

"मला वाटलं, तू आप्पांच्या वेळचं मनात धरून..."

त्या वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. नवल होते, आणि थोडी कीवही. "ते हायच," त्या म्हणाल्या. "आप्पा गेलं तवा तुम्ही आला न्हाईत, ते हायच. ते कुठं जातंय? पर ते मी गाडीवर कशापायी काढीन? पाठ येगळी, ते येगळं." आणि बादली उचलून आत जाताना, "च्या टाकते," असे म्हणाल्या.

संपतराव ओसरीवर बसले. इतकी वर्षे एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी तिने अशा सहज सोडवून वेगळ्या ठेवल्या होत्या. एक आज गोकुळच्या शेडमध्ये सुटली. दुसरी होती तिथेच होती, आणि तिच्यावर आता कसलेही पांघरूण राहिले नव्हते. आतल्या खोलीत खाटेवर कस्तुराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या अधूनमधून लेकीला हाक मारत आणि लेक, स्वतःची पाठ एका हाताने धरून, त्यांना कुशीवर वळवत होती. हे संपतरावांना ओसरीवरून दिसत होते. वळवताना सिंधूबाईंनी ओठ दाबून धरले, मग सोडले. तीन महिने, चार बी लागतील.

चहा आला. "उद्या धाला आईला टाकं दाखवायला शिरूरला न्ह्यायचंय," सिंधूबाई म्हणाल्या. "रव्या रिक्षा सांगनार व्हता."

"गाडी आहे."

"व्हय. मी तिचं डोकं मांडीवर घिऊन मागं बसते." त्या सहज बोलल्या, आठ वर्षांचे काही संपते आहे असे त्यांच्या आवाजात नव्हते. संपतरावांनी मान हलवली. कप खाली ठेवून त्यांनी फोन काढला आणि हौसरावला लावला.

"हौसराव, माझं दूध उद्यापासून बंद करायला सांग गवळ्याला. आणि संध्याकाळचा अंगणातला दिवा तेवढा लावत जा. किल्ली शेजारी आहे."

"कुठं चाललाय, सायेब?"

"न्हावऱ्याला आहे. सासूबाई चालेपर्यंत इथंच. तीन-चार महिने."

पलीकडून हौसराव म्हणाला, "सासुरवाडीत? चार म्हैनं? लोक काय म्हनतील वो जावयाला?"

"तू सांगशीलच मला," संपतराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सिंधूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते, हे त्यांच्या थांबलेल्या हातावरून कळत होते. मग हात पुन्हा चालू लागला. आतून कस्तुराबाईंनी हाक मारली. या हाकेचा अर्थ आता संपतरावांनाही कळला होता. सिंधूबाई पीठ लागलेले हात धुवायला वळल्या, तोवर ते उठले होते. खाटेखालचे भांडे त्यांनी काढले. कस्तुराबाईंनी डोळे उघडले, जावई दिसताच पदर कपाळावर ओढला आणि म्हणाल्या, "आवं, ठिवा ते. सिंदे, आगं ये की. जावायबापू, तुमी नगा."

"आई, पाय दुमडा थोडा," संपतराव म्हणाले. "चांगला तो. सावकाश."

सिंधूबाई दारात आल्या, थांबल्या, आणि पुढे होऊन आईला खांद्याशी धरले. दोघांनी मिळून त्यांना उचलले. नंतर संपतराव भांडे घेऊन परसात गेले, ते रिकामे केले, तीनदा विसळले आणि उन्हाचा जो शेवटचा पट्टा भिंतीवर होता तिथे पालथे घातले. हात धुऊन ते आत आले. सिंधूबाईंनी त्यांच्यासाठी खाटेच्या पायथ्याशी एक पाट सरकवून ठेवला होता. ते त्यावर बसले.